कोंडवाड्याचं रजिस्टर

१

गुरुवारी सकाळी दहाला बस्ता सोडला, तर त्यातून गाढवं निघाली.

थट्टा नाही करत. लाल बस्त्यात असायला पाहिजे होतं सफाई कामगारांचं मस्टर, सन २००३ ते २००५. निघालं कोंडवाड्याचं रजिस्टर. पहिल्याच पानावर लिहिलेलं, दोन गाढवं, एक गोऱ्हा, मालक अज्ञात. वडजापूर नगरपरिषदेच्या मुख्याधिकारी वैष्णवी मॅडम यांनी ते वाचलं, मिटलं अन् अल्ताफकडं पाहिलं. अल्ताफ आमचा रेकॉर्ड रूमचा लिपिक. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

मी रत्नमाला. पाणीपट्टीच्या टेबलावर बसते अन् सफाई कामगार संघटनेची सचिव आहे. माझी माय ह्याच गावचे रस्ते झाडता झाडता गेली, तिच्या जागेवर मी लागले. चार बुकं शिकले होते म्हणून खराट्याऐवजी टेबल मिळालं. माझं तोंड फाटकं आहे असं सारं ऑफिस म्हणते, अन् ते खरं आहे.

शुक्रवारी दुपारी तीनला अर्थसंकल्पाची विशेष सभा होती. महिनाभर आमची बोलणी चालली होती की आमच्या अकरा जणांची रोजंदारीची जुनी वर्षं धरा अन् त्यांना जुन्या पेन्शनमध्ये घ्या. भांडून भांडून मॅडम एका गोष्टीवर आल्या. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी कामावर होते असा नगरपरिषदेचाच कागद दाखवा, मी सभेपुढं तरतूद ठेवते. अकरांतल्या दहा जणांच्या नोकऱ्या बाकी होत्या, ते पुढच्या वर्षी पुन्हा भांडू शकत होते. गोमतीबाई शनिवारी रिटायर होणार होती. तिला पुढचं वर्ष नव्हतं. कागद निघाला नसता तर शाल, नारळ अन् जय महाराष्ट्र.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला पाहिजे होती. बस्ता सोडताना अल्ताफला नाडी सुटेना. स्वतःच बांधलेली, पण गाठच सापडेना. मी म्हणलं, "हट, दे इकडं." बोट घातलं, टोक ओढलं, नाडी भसकन सुटली. टोक उलट्या अंगाला होतं, हात फिरवावा लागला, एवढंच. बस्त्यात काय निघते ह्याच्याकडं साऱ्यांचे डोळे, नाडीकडं कोण पाहते?

मॅडम उठल्या. "उद्या तीनपर्यंत मस्टर आलं नाही तर तरतूद सभेपुढं जाणार नाही. आणि अल्ताफ, तुमचं निलंबन काढावं लागेल. किल्ली तुमच्या ताब्यात होती."

अल्ताफ रोजा धरून होता. त्यानं रजिस्टर उचललं अन् गाढवांचं पान पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं.

२

बुधवारी संध्याकाळचं सांगते, कारण जे झालं ते तेव्हाच झालं.

दोन दिवस धूळ खाऊन अल्ताफनं ते मस्टर हुडकलं अन् सहा वाजता बोलणीच्या टेबलावर आणून ठेवलं. निळं कापड, कोपऱ्यांना तांबडं चामडं. सारे थकले होते. मॅडम म्हणाल्या, उद्या दहाला सगळ्यांसमोर उघडू.

तेव्हा मारोतरावनं टेबलावर डावा हात आपटला. मारोतराव आमच्या संघटनेचे अध्यक्ष, आधीचे मुकादम. आमच्या बायांना गमबूट अन् हातमोजे ह्या माणसानं भांडून मिळवून दिले.

"मस्टर कायले पाह्यजे मॅडम? अकरा जणाइचे हमीपत्र देतो. गावातले पंच सही करतीन. एवढं जुनं मस्टर, अर्धं उधईनं खाल्लं असन."

लेखापाल धम्मरत्ननं चष्म्यावरून पाहिलं. "हमीपत्रावर पेन्शन? ऑडिटवाले मले उलटा टांगतीन. पुरावा नाही तं तरतूद नाही."

मला त्या माणसाचा असा राग आला की काय सांगू. महिनाभर तो आमच्या प्रत्येक मागणीवर लाल पेन फिरवत होता.

मॅडम घरी गेल्या. मगरिबची अजान झाली. अल्ताफनं घाईघाईनं मस्टर बस्त्यात बांधलं, कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली अन् रोजा सोडायला मशिदीत पळाला. वीस मिनिटांत परत आला. कुलूप जसंच्या तसं. तेवढ्या वेळात ऑफिसात चौघंच होतो. धम्मरत्न, मारोतराव, व्हरांड्यात बसलेली गोमतीबाई, अन् नळावर बाटली भरणारी मी. खिळ्यावरची किल्ली चौघांनाही ठाऊक होती.

गुरुवारी मॅडमच्या केबिनमधून निघाले ती तडक जुबेदा खालाकडं गेले. जुबेदा खाला म्हणजे अल्ताफची मावशी. बसस्टँडसमोर, शिरपूरच्या गाड्या लागतात तिथं, तिचं जिल्दसाजीचं दुकान आहे. सासऱ्यापासून नगरपरिषदेची सारी रजिस्टरं ह्याच घरानं बांधली. नवरा गेल्यावर खाला एकटीच बांधते, शाळेची हजेरीबुकं, कोणाच्या पोथ्या, कोणाचं कुराण. वहीतून पान काढलेलं असलं तर नुसता हात फिरवून सांगते. वाटणीच्या भांडणातले लोक कागद घेऊन तिच्या दारात उभे राहतात.

तिनं माझं सारं ऐकून घेतलं. भाच्याची नोकरी जाते म्हणून रडली नाही. सुई कापडात टोचून ठेवली.

"नाडी कोठी हाये?" तिनं विचारलं.

"नाडी? खाला, मस्टर गेलं मस्टर!"

"ते समजलं न मले. नाडीचं पुन्हा सांग. अल्ताफनं बांधली, अन् अल्ताफलेच सुटली नाही. अन् तुले सुटली?"

३

खाला ऑफिसात आली. आधी तिनं कोंडवाड्याचं रजिस्टर हातात घेतलं. तेच निळं कापड, तेच तांबडे कोपरे, तेवढाच आकार. आतल्या अंगाला चिठ्ठी होती, ‘जिल्द, जानेवारी २००६’. नवऱ्याचं अक्षर पाहून तिनं पदरानं डोळे पुसले. मग पुठ्ठ्यावर नखानं टकटक केलं.

"जाडा हाये," ती स्वतःशीच म्हणाली, अन् मॅडमकडं वळली. "हे आजच्या दिवस मले द्या."

मॅडमनी पावती लिहून घेऊन दिलं.

मग ती धम्मरत्नसमोर जाऊन बसली. कागदांचा एक गठ्ठा अन् दोरी पुढं केली. "साहेब, एवढं बांधून द्या. माह्ये बोटं दुखून राह्यले."

त्यानं बुटाच्या लेसीसारखी फुलाची गाठ मारून दिली.

"काल अजान झाली तवा कोठी होते?"

"टेबलावरच. लेकीचा फोन होता." धम्मरत्ननं चष्मा काढला. "मले माहीत हाये रत्नमालाबाईचा डाउट माह्यावर हाये. माहा विरोध हमीपत्राले हाये, बायाइले नाही. मस्टर निघालं असतं तं पहिली सही मीच केली असती."

"नाटकं," मी पुटपुटले. खालानं माझ्या पायावर पाय दिला.

गोमतीबाई पायऱ्यांवर बसली होती, हातमोजे मांडीवर. शनिवारपर्यंतच कामावर, तरी त्या दिवशीही पहाटे पाचला येऊन झाडून गेली होती.

"कामावर कवा लागली व माय?" खालानं विचारलं.

"आखाजी झाली होती. किन्हीराजाहून नवी नवी आल्ती, पोरगं कडेवर. बीट चार, बाजारगल्ली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मिरच्याइचे देठ झाडता झाडता डोये जायाची पाळी ये."

"हजेरी कोण घे?"

"मुकादम. पहाटी मस्टर उघडत, बोट ठेवत, म्हणत इथं लाव. मी अंगठा लावो."

"काय लिवलं हाये ते पाह्यलं कधी?"

गोमतीबाई हसली. "मले वाचता आलं असतं तं खराटा काहून धरला असता बाई?" मग हसू गेलं. "रत्ना, नाहीच सापडलं तं काय वं? पोराच्या दारात सुनंच्या तोंडाकडं पाहत बसा लागन का?"

मी तिच्या मांडीवरच्या हातमोज्यांची धूळ झटकली.

फाटकाबाहेर आल्यावर खालानं ती लाल नाडी काढली. रात्रभर आवळून राहिल्यानं तिला वेढ्यांच्या घड्या पडल्या होत्या.

"अल्ताफ सरकफास मारते, लहानपणी मीच शिकवला. धम्मरत्ननं बुटाची गाठ मारली. ह्या नाडीले गाठच नव्हती. वेढ्यावर वेढे देल्ले अन् टोक आत खोचलं. असं कोण बांधते, रत्ना?"

 म्हणून ती माझ्या बोटांना सुटली होती. मायच्या मांडीशी बसून मी हेच शिकले होते.

"खराटा," मी म्हणलं.

"मंग तुमच्यातलाच कोणी हाये."

माझं डोकं फिरलं. भररस्त्यात ओरडले, "आमीच आमचा पुरावा चोरू? येड लागलं का खाला? भाच्याले वाचवासाठी आमच्यावर घालता?"

"चिल्लाऊ नको. कायले चोरला ते मले बी नाही समजून राह्यलं." तिनं नाडीच्या घड्या माझ्यापुढं धरल्या. "अन् हे पाह्य. वेढे उलटे हायेत. डावऱ्या हाताचे."

माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर आपटलेला एक डावा हात आला. मी तो विचार झटकून टाकला.

४

खालानं वाटेतल्या दुकानातून एक सुटा खराटा घेतला अन् मला थेट मारोतरावच्या घरी नेलं. मी येणारच नव्हते. तिनं मनगट धरलं.

मारोतराव घरी नव्हते. त्यांची बायको कस्तुराबाई ओसरीत वाटाणे सोलत होती. भोळी बाई. पाणी घ्या, चहा घ्या, सुरूच झालं. खाला म्हणाली, रोजा हाये.

"हा खराटा सुटला व कस्तुराबाई. बांधून देता का?"

"अवो मले नाही जमत! मी जन्मात खराटा हाती नाही धरला. घरचा झाडू बी सूनच मारते. यायले येऊ द्या, हे बांधतीन."

तेवढ्यात मारोतराव आलेच. खराटा पाहून हसले, मांडी घालून बसले. काड्या जमिनीवर आपटून सारख्या केल्या, डाव्या हातानं सर्रसर्र वेढे दिले, अंगठ्यानं टोक आत खोचलं. पाव मिनिटाचं काम.

खाला त्यांच्या बोटांकडं टक लावून पाहत होती. ते त्यांच्या ध्यानात आलं.

"काहून पाहून राह्यल्या एवढं?"

"हात साफ हाये तुमचा," खाला म्हणाली.

निघताना मारोतरावनं मला अंगणात थांबवलं. "रत्ना, त्या धम्मरत्नवर नजर ठेव. अन् मॅडमले सांग, मस्टर काही भेटत नाही आता. हमीपत्र घ्या म्हणा. अजून बी टाइम हाये, पोरी." 

माझी माय गेली तेव्हा पहिला खांदा ह्याच माणसानं दिला होता. तेराव्याला मला जवळ घेऊन म्हणाले होते, नोकरीचं मी पाहतो. रस्त्यावर आल्यावर मला रडूच फुटलं.

"डावरे काय एकटे तेच हायेत का गावात?" मी खालाला म्हणलं.

"नाहीत. म्हणून तं मी तिथं काही बोलली नाही." ती झपझप चालत होती. "हात समजला, पण पोट नाही समजलं. कायले केलं ते भेटल्याबिगर कोणाले चोर म्हणू नये. चाल, त्या रजिस्टराले पाणी दाखवा लागते."

५

दुकानात खालानं गंजात पाणी कोमट केलं, जुनी सुती साडी फाडून भिजवली अन् कोंडवाड्याच्या रजिस्टरावरचं निळं कापड ब्लेडनं कडेकडेनं उकललं.

"हे काय करता? सरकारी रजिस्टर हाये!"

"हे आमच्याच घरचं काम हाये, कोठी काय हाये मले ठाऊक." ओला कपडा पुठ्ठ्यावर पसरत ती सांगू लागली. "जाडा पुठ्ठा तवा महाग. मंग आमचे हे पातळ पुठ्ठा घेत अन् त्याच्यावर रद्दी कागदाचे थरावर थर चिपकवत. खळ मी शिजवो, मोरचूद टाकून, कीड नाही लागावी म्हणून. अन् रद्दी कोणाची? जे ऑफिस रजिस्टर बांधाले दे, त्याच ऑफिसाची. साल संपलं का चपराशी पोतंभर कागद आणून टाके."

"मंग?"

"हे बांधलं जानेवारी दोन हजार सहामंधी. तं ह्याच्या पोटात कोणत्या सालचे कागद असतीन?"

मी पुठ्ठ्यावर वाकले.

आमच्या ऑफिसात तेव्हा सैफुद्दीन साहेब आरोग्य निरीक्षक होते. कडक माणूस, आता हयात नाहीत. मस्टर मुकादमाकडं असायचं, पण साहेब रोज पहाटे सायकलवर साऱ्या गावातून चक्कर मारायचे अन् कोणत्या बीटवर कोण खरोखर झाडून राह्यलं ते छापील चिठ्ठीवर लिहायचे. खाली सही अन् शिक्का. वर्ष संपलं की चिठ्ठ्या रद्दीत.

खालानं पातळ सुरी थराखाली सारली. निळसर खळ सुटू लागली. पहिला कागद घरपट्टीचा निघाला. मी हिरमुसले. दुसरा थर निघाला अन् बॉलपेनचं बारीक, सरळ अक्षर दिसलं. दिनांक ११ जून २००४. बीट एक, बीट दोन, बीट तीन. बीट चार, गोमती.

"खाला!" मी किंचाळलेच. शिरपूरच्या गाडीतले लोक वळून पाहू लागले. "सापडलं! गोमतीबाई सापडली!"

"थांब जराशी. आनंद मंग कर." ती थर सोडवत राहिली. एक चिठ्ठी, दुसरी, पाचवी. ऑगस्ट, डिसेंबर, मार्च २००५. सगळ्यांवर गोमती, बाकीच्या दहा जणांचीही नावं कुठं ना कुठं. खाला मात्र खूश दिसेना. "पुरावा हाच असता तं मस्टरमंधी बी हेच असतं न? मंग हे लपवून कोणाले काय भेटणार होतं?"

मग तिनं आणखी एक चिठ्ठी सोडवली. ह्या चिठ्ठीच्या तळाशी साहेबांनी दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. खालानं त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, अन् चिठ्ठी पालथी ठेवली.

अजान होत होती. समोर खजूर ठेवलेला, पण तिचा हात पुढं जाईना.

"पोट सापडलं," ती म्हणाली. "मॅडमले सांग, उद्या दोनले साऱ्याइले बलावा. गोमतीले बी."

६

शुक्रवारी दोन वाजता मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही सारे उभे होतो. अल्ताफ, धम्मरत्न, मारोतराव, गोमतीबाई, मी. खालानं चिठ्ठ्या वाळवून, पांढऱ्या कागदावर चिकटवून आणल्या होत्या.

मॅडमनी एकेक पाहिली. सही पाहिली, शिक्का पाहिला. "हा नगरपरिषदेचाच कागद आहे. धम्मरत्न?"

धम्मरत्ननं भिंगानं पाहिलं.  "चालते," तो म्हणाला. "तारीख हाये, सही हाये, आवकचा शिक्का हाये. तरतुदीची टिपणी मी आताच लिहितो."

मारोतराव टाळ्या वाजवू लागले. "वा! मंग झालंच की! मस्टर गेलं तं गेलं—"

"नाही झालं," खाला म्हणाली. "माहा भाचा चोर ठरून राह्यला. नाडी खराट्यासारखी बांधली होती, डावऱ्या हातानं. तुमी परवा घाईत होते मारोतराव. डोक्यात चोरी होती, हात आपल्या सवयीनं चालला. अन् मस्टराच्या जागी त्याच आकाराचं म्हणून जे उचललं, त्याच्याच पोटात हे सारं होतं."

"कायच्या काय बोलता! मी कायले चोरू? वीस साल झाले ह्या लोकायसाठी भांडून राह्यलो मी!"

"मले बी तेच कोडं होतं." तिनं शेवटची चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. "रत्ना, मोठ्यानं वाच."

मी वाचलं.  "बीट चार. मस्टरवर नाव कस्तुराबाई मारोतराव. प्रत्यक्ष कामावर गोमती. मुकादमास समज दिली."

धम्मरत्ननं टिपणी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"कस्तुराबाई तं कालच म्हणाली, जन्मात खराटा हाती नाही धरला," खाला म्हणाली. "तिले बिचारीले माहीत बी नसन, का दोन अडीच साल ती रोज पहाटी बाजारगल्ली झाडत होती."

मारोतराव खुर्चीत बसले. म्हणजे कोसळलेच. 

"तवा सारेच मुकादम करत. घरच्या बाईचं नाव टाका, काम बदलीवालीकडून घ्या, अर्धी रोजी तिले द्या. मंग दोन हजार सहाले फोटो लावाचा हुकूम आला, तवा मी गोमतीचं नाव टाकलं. खऱ्या नावानं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "रत्ना, तूच सांग. मस्टर उघडलं असतं तं दहा पास अन् गोमती बाहेर. मस्टरच नसतं तं मॅडमनं आज ना उद्या हमीपत्र घेतलं असतं, अकराच्या अकरा पास. मी गोमतीसाठीच केलं."

"अन् अल्ताफ?" मी ओरडले. "ह्या पोराची नोकरी जात होती ते? गोमतीसाठी करायचं होतं तं तोंड उघडायचं होतं! माह्यानं पाप झालं, बाई कामावर होती, एवढंच बोलायचं होतं. ते नाही झालं तुमच्यानं!"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला काका म्हणत आले. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघेना.

"मस्टर कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"सामानाच्या कोठीत. नव्या खराट्याच्या गठ्ठ्यात बांधून ठेवलं. जाळता आलं नाही मॅडम. दहा जणाइचं त्याच्यात होतं."

अल्ताफ धावत जाऊन घेऊन आला. मॅडमनी पान उघडलं. जून २००४. अकराव्या ओळीत कस्तुराबाईचं नाव, अन् त्यापुढं महिनाभराचे निळे अंगठे, एकाशेजारी एक. गोमतीबाई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढं आली अन् पानावर वाकली.

"हे नाव कोणाचं?"

"कस्तुराबाईचं," मी म्हणलं.

"अन् हे बोटं?"

"तुमचे, मावशी."

तिनं आपला अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मारोतरावकडं नाही पाहिलं. "मी रोज नेमानं लावला," ती एवढंच म्हणाली.

७

तीनला सभा सुरू झाली. मॅडमनी आधी अल्ताफच्या निलंबनाचा कागद फाडला अन् मारोतरावचा जबाब नोंदवून पुढं पाठवला. तरतुदीचा विषय आला तेव्हा पावणेपाच झाले होते. नगरसेवकांना घरी जायची घाई, अर्ध्या जणांचे डोळे घड्याळाकडं. ठराव मंजूर झाला. अकरा जणांची जुनी वर्षं धरली. दहा जण सह्या, अंगठे करून गेले.

शेवटी गोमतीबाईचा नंबर. नगराध्यक्षांनी कागद पुढं केला. शिपायानं शाईचा पॅड उघडून धरला.

"लाव मावशी, इथं," शिपाई म्हणाला, अन् कागदावर बोट ठेवलं.

गोमतीबाईनं मूठ आवळली.

"लावा हो, उशीर होऊन राह्यला," मागून कोणी म्हणालं.

ती वळली. सभागृहाच्या दाराशी मारोतराव उभे होते. संघटनेच्या अध्यक्षपदाचा राजीनामा अजून हातातच होता. आत यायची हिंमत नव्हती अन् घरी जायचीही नसावी.

"मुकादम," गोमतीबाईनं हाक मारली.  "आता तुमी सांगा. कोठी लावू?"

मारोतरावनं मान खाली घातली. थोडा वेळ ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली, अगदी खरोखर पाहत. मग माझ्याकडं वळली.

"रत्ना, अगुदर वाच. साराच वाच."

मी वाचायला लागले. विषय, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, सारं. एका नगरसेवकानं घसा खाकरला, तर धम्मरत्ननं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुन्हा हलला नाही. वाचून झालं.

"पुन्हा एक डाव," गोमतीबाई म्हणाली. "सावकाश."

मी पुन्हा वाचलं. तिच्या नावाशी आले तेव्हा तिनं माझा हात धरून थांबवलं.

"हेच का?"

"हो. गोमतीबाई. तुमचंच."

तिनं त्या अक्षरांवर सुकं बोट फिरवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मूठ उघडली, अंगठा पॅडवर टेकवला अन् आपल्या नावापुढं लावला. शाई वाळेपर्यंत तिनं कागद कोणाला उचलू दिला नाही.